कोठीचं दुसरं कुलूप

आदरणीय कंचनताई पाटणी यांची आणि माझी पहिली भेट एका पातेल्याच्या दोन कड्या धरून झाली. गौरवग्रंथात असं लिहावं की नाही, ठाऊक नाही. पण ताईंच्या साठाव्या वर्षानिमित्त लिहायला बसल्यावर आधी तेच पातेलं डोळ्यांपुढं आलं, आणि ते बाजूला सारून पुढं जाणं मला जमेना.

नव्या शतकाची ती पहिली वर्षं. मी बदनापूरहून सकाळच्या पॅसेंजरने जालन्याला उतरलो आणि पत्ता विचारत जुन्या जालन्यातल्या पाटणी यांच्या कापड दुकानापाशी पोहोचलो. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ताईंनी वेबसाइट बनवून देण्याचं कार्यालय थाटलं होतं. हे काम म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा आमच्याकडे सांगूनही कळत नसे. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की मी कापडाच्या दुकानात कामाला आहे. खाली गल्ल्यावरच्या माणसाने सांगितलं, ताई कोठीवर गेल्यात. कोठी म्हणजे त्यांच्या समाजाच्या भवनामागची भांड्यांची खोली. मी तिकडं गेलो, तर पन्नाशी उलटलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई दोन माणसांना न पेलणारं पातेलं एकट्या ओढत होत्या. त्यांनी माझं नावही विचारलं नाही.

"धरा ती कडी," त्या म्हणाल्या. "जल्दी करू नका. काठ ठेचला तर ऐन लग्नात झाकण बसत नाही."

मी कडी धरली. दाराशी एक वृद्ध गृहस्थ हातात किल्ली घेऊन उभे होते. पातेल्याला हात लावत नव्हते, काही बोलतही नव्हते. एवढ्या सकाळी हे उगाच कशाला येऊन उभे राहिलेत, असं मला वाटलं. ते उगाच उभे नव्हते, हे कळायला मला काही वर्षं लागली.

ताईंच्या समाजात मोठी भांडी घरोघरी नसतात. पातेली, कढया, पराती, झारे, सगळं पंचांचं, म्हणजे साऱ्या समाजाचं. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने कोठीतून न्यावं, वापरावं आणि घासूनपुसून परत आणून ठेवावं. त्यांत कांदा-लसूण शिजवायचा नाही, हा एक नियम. भांड्याला पोचा आला तर सांगायचं, झाकायचं नाही, हा दुसरा. या कोठीची किल्ली पाटणी यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. ताईंच्या सासऱ्यांना पायऱ्या चढवेनात, तेव्हा त्यांनी ती मुलाकडे न देता सुनेकडे दिली.

पातेलं जागेवर बसल्यावर ताईंनी हात झटकले आणि तिथंच, भांड्यांच्या मध्ये उभ्या उभ्या, माझी मुलाखत घेतली. माझ्या कामाची फ्लॉपी मी आधी पाठवलेली होती, ती त्यांनी पाहिली होती.

"तुमच्या घरी लग्न निघालं, तर एवढं पातेलं विकत आणाल का?"

"न्हाई."

"मंग तारीख दाखवायचं फंक्शन हरेक फाइलीत नवं कशाला लिहिलं?"

मी म्हणालो, नवं लिहिलेलं न्हाई, एकातून दुसरीत उतरवून घेतलंय, त्याला काय लागतं?

"उतरवायला काहीच लागत नाही," ताई म्हणाल्या. "सांभाळायला लागतं."

या धंद्यात नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. वेबसाइटचं प्रत्येक पान म्हणजे आमच्या लेखी एक फाइल. तारीख आपल्या पद्धतीने मांडणं, क्विंटलचे किलो करणं, अशी लहान लहान कामं प्रत्येक पानाला लागतात. अशा एकेका कामासाठी लिहिलेल्या ओळींच्या तुकड्याला आम्ही फंक्शन म्हणतो. हा तुकडा प्रत्येक फाइलीत उतरवला, तर पुढे त्यात बदल करताना साऱ्या फाइली हुडकाव्या लागतात आणि एखादी हमखास राहून जाते. मग एकाच वेबसाइटवर एका पानाचं म्हणणं एक आणि दुसऱ्याचं दुसरंच. त्याऐवजी असे तुकडे एका जागी ठेवावेत आणि ज्या फाइलीला लागेल तिने डोक्यावर एक ओळ लिहून ते बोलावून घ्यावेत. मोठ्या शहरांत हे सगळ्यांना ठाऊक असेल. आम्ही पुस्तकं वाचून कसंबसं शिकलेले, मास्तर नसलेले लोक. आम्हाला हे ताईंनी पातेल्यावरून शिकवलं. आमच्या प्रत्येक प्रकल्पात एक फोल्डर असे आणि त्याचं नाव कोठी. आजही तेच आहे.

ताईंचं माहेर वैजापूरकडचं. गणित घेऊन पदवी झाली आणि लग्न होऊन त्या जुन्या जालन्यात आल्या. ऐंशीच्या दशकात मुलं शाळेला लागल्यावर त्यांनी संगणकाच्या वर्गात नाव घातलं. वर्गात बाकीचे सारे त्यांच्या निम्म्या वयाचे, आणि डोक्यावर पदर फक्त यांच्या. घरात कुरबुर झाली, तेव्हा सासरे म्हणाले होते, "बहू, शिकायचं तर बराबर शिक. अधुरं शिकलेलं घरात नको." ताई ही आठवण पुष्कळदा सांगतात आणि दर वेळी सासऱ्यांचा उल्लेख 'आमचे बाबूजी' असा करून क्षणभर थांबतात. आधी दुकानाचं काम, मग नातेवाइकांच्या दुकानांचं, मग आडतीवरच्या व्यापाऱ्यांचं, आणि इंटरनेट आल्यावर वेबसाइट. गावातले शिकले-सवरलेले लोक पुण्या-मुंबईची वाट धरत होते, तेव्हा ताईंनी कापडाच्या गठ्ठ्यांवर टेबल मांडून आमच्यासारख्यांना कामाला लावलं.

कोठीच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. आमचे सहकारी फिरोज शेख यांनी एकदा तारखेच्या फंक्शनात लाल रंगाची सोय घालून ठेवली, कारण त्यांच्या पानावर मुदत संपलेली तारीख लाल दिसायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सगळ्याच पानांवर तारखा लाल झाल्या. ताईंनी त्यांना बोलावलं.

"फिरोज, तारखेत लाल रंग कशाला?"

"ताई, माझ्या पानाला लागतो."

"मंग तुझ्या पानावर घाल. हा तुझ्या घरचा कांदा आहे, तो पंचांच्या भांड्यात का शिजवला?"

फिरोजभाई हसत उठले आणि थोड्या वेळाने खोलीतून ओरडले, "ताई, कांदा काढला!" तेव्हापासून आमच्याकडे कुणी सामायिक फंक्शनात स्वतःच्या पानापुरती सोय घुसवली, की त्याला कांदा म्हणतात. नव्याने येणाऱ्यांना हा शब्द आधी समजावून द्यावा लागतो.

हा कडकपणा कामापुरताच होता. मला इंग्रजीची धास्ती होती. फंक्शनला नाव द्यायचं म्हटलं की माझी बोटं थांबायची. ताईंच्या हे लक्षात आलं. त्या म्हणाल्या, नाव मराठीतच दे, फक्त उद्या येणाऱ्या माणसाला वाचून काम कळलं पाहिजे. आमच्या कोठीत 'वजन बदला', 'तारीख मांडा' अशी नावं आली ती त्यामुळे. माझे वडील औरंगाबादच्या दवाखान्यात होते, तेव्हा मी काम अर्ध्यावर टाकून गेलो. वडील गेले. दिवस करून परत आलो, तर माझं पान पूर्ण होऊन सुरूही झालेलं. आमच्याकडे फाइलीच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव घालायची पद्धत आहे. बहुतेक ओळी ताईंच्या हातच्या होत्या, हे मी बघताक्षणी ओळखलं. माथ्यावर नाव माझंच होतं. मी विषय काढला, तर त्यांनी मला जेवलास का म्हणून विचारलं. वडिलांमागे मला असं विचारणारं घराबाहेर दुसरं कुणी नव्हतं.

आता त्या हरभऱ्याबद्दल लिहितो. हे लिहू का, असं मी ताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ते नाही लिहिलं, तर बाकीचं छापू नका."

बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका संघाची वेबसाइट आम्ही करत होतो. शेतकऱ्यांनी पिकवलेलं बियाणं संघाच्या गोदामात येई. त्याचा नमुना उगवण तपासायला जाई, आणि पास झालेला लॉट दुकानांकडे रवाना होई. वेबसाइटवर एक पान बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी होतं आणि एक गोदामासाठी. हा लॉट विकायला योग्य आहे का, हा एकच प्रश्न दोन्ही पानं कोठीतल्या एकाच फंक्शनला विचारत. ते फंक्शन ताईंनी स्वतः लिहिलेलं होतं. त्याची उत्तरं दोनच, होय किंवा नाही.

एके दिवशी धावड्याहून साळुबा अण्णांचा फोन आला. अण्णा संघासाठी मुगाचं बियाणं पिकवत. त्यांच्या मुलाने भोकरदनला इंटरनेट कॅफेत बसून पान उघडलं होतं.

"बाई, आमचा माल नापास म्हून दाखवून राह्यलं. अजून तपासला बी न्हाई की!"

अण्णांचं म्हणणं खरं होतं. निकाल आलेला नसला तरी आमचं फंक्शन 'नाही' असंच सांगत होतं आणि पानावर 'अयोग्य' हा शब्द उमटत होता. वर्षाची मेहनत नापास झाली असं वाचून त्या घरात काय झालं असेल, या विचाराने ताई अस्वस्थ झाल्या. त्यांनी लागलीच बदल केला. निकाल आलेला नसेल, तर फंक्शनने होय म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही, गप्प राहायचं. शेतकऱ्यांच्या पानावर 'निकाल यायचा आहे' असं दिसू लागलं. साळुबा अण्णांना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. त्या दिवशी ताई फार समाधानात होत्या.

गोदामाच्या पानाचा विचार मात्र कुणाच्या मनात आला नाही. ते पान 'नाही' ऐकलं तरच माल अडवत होतं. आता फंक्शन गप्प राहू लागलं, आणि गप्प राहणं म्हणजे हरकत नाही, असं त्या पानाने धरलं.

दसरा झाला होता, रब्बीची पेरणी तोंडावर होती. एका सकाळी हरभऱ्याच्या एका लॉटचा निकाल आला. उगवण अगदीच कमी, लॉट नापास. मी नोंद करायला गेलो, तर गोदामाच्या पानावर तोच लॉट आधीच रवाना झालेला. धावड्याच्या दुकानाकडे. मी ताईंना दाखवलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग कोठीतली ती फाइल उघडायला लावली आणि स्वतःच केलेल्या बदलावर बोट ठेवलं.

मी म्हणालो, "ताई, लगेच दुरुस्त करतो. एका ओळीचं काम हाय."

"ते थांबू दे. आधी गोदामाला फोन लाव, आज एकही पोतं हलवू नका म्हणावं. मंग दुकानाला. आणि जीप सांग."

"तुम्ही कशाला जाता? दुकानदार फोनवर..."

"अंकुश, तिथं माणसं पेरून राहिलीत. फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही?"

दुकानाचा फोन लागला नाही. आम्ही निघालो. रब्बीची पेरणी जमिनीतल्या ओलीवर असते. ती ओल कुणासाठी थांबत नाही. बियाणं मातीत गेलं आणि उगवलंच नाही, तर ते लक्षात येईपर्यंत ओल उडालेली असते आणि शेत पडीक राहतं. जालना ते धावडा एवढ्या वाटेत ताईंनी एवढं एकच विचारलं, की या बाजूला पेरणीला कधी हात घालतात. मी म्हणालो, घातला असंल.

धावड्याला दुकानापुढं माणसं होतीच. ताई पायरीवर चढल्या आणि पदर सावरून बोलू लागल्या. ते शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात.

"हे बियाणं पेरू नका. हे उगवणार नाही. चूक दुकानदाराची नाही, गोदामाची नाही. कॉम्प्युटरची पण नाही. मी एक बदल केला, त्याने तपासणी न झालेला माल तुमच्यापर्यंत आला. चूक माझ्या हाताची आहे."

दुकानदाराने तोंडाला हात लावला. कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटर चुकतो व्हय? दुसरं कुणी म्हणालं, बाई स्वतःहून सांगायला आल्यात, बसायला द्या आधी. ताई बसल्या नाहीत. माणसं घरोघर गेली आणि पोती परत येऊ लागली. बहुतेकांनी ती फोडलेलीही नव्हती.

साळुबा अण्णा सगळ्यांत मागं उभे होते. ते पुढं आले.

"म्या पेरून बसलो, बाई. हिरीजवळचं समदं रान."

ज्यांचा फोन आल्यामुळे ताईंनी तो बदल केला होता, त्यांच्याच रानात ते बियाणं गेलं होतं.

अण्णा संतापले नाहीत. ते संतापले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच मागं म्हन्ल्या व्हत्या, समद्याचं एका जागी ठिवलं म्हंजी चूक व्हत न्हाई. मंग आता एका जागी चुकलं, अन् समद्याच जागी चुकलं की."

"बराबर आहे, अण्णा," ताई म्हणाल्या. त्यांनी कारण दिलं नाही, समजूत घातली नाही. "तुमचं बोलणं बराबर आहे. ओल किती दिवस धरील?"

"दोन-तीन रोज. लई झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तपासलेल्या बियाण्याची पोती घेऊन टेम्पो अण्णांच्या रानाच्या बांधावर उभा होता, आणि ड्रायव्हरशेजारी ताई बसलेल्या होत्या. अण्णांनी तिफण जुंपली. अर्धं रान पेरून होईपर्यंत ताई बांधावर उन्हात उभ्या राहिल्या. तिथं त्यांचं काही काम नव्हतं. मी तसं म्हणालो, तर त्यांनी ऐकलंच नाही. ते पीक उशिराने आलं, थोडं विरळ आलं, पण आलं. घाटे भरले तेव्हा साळुबा अण्णा हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी खांद्यावर टाकून आमच्या कार्यालयात आले आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून त्यांनी ताईंना घाटे सोलून दिले. त्या दिवशीचं काही बोलले नाहीत. ताईंचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

पहिल्या दिवशी धावड्याहून परतताना, भोकरदन मागं पडल्यावर, ताईंनी मला एक प्रश्न विचारला होता.

"अंकुश, आमच्या कोठीला दोन कुलपं आहेत. एका कुलपाची किल्ली आमच्याकडे, दुसऱ्याची समोरच्या गल्लीतल्या घरी. तू पहिल्यांदा आल्ता तेव्हा ते काका दाराशी उभे होते, आठवतं? बाबूजींनी दोन कुलपं का ठेवली असतील?"

"चोरी होऊ नये म्हून."

"चोराला काय, तो दोन्ही तोडील. दुसरं कुलूप घरच्या माणसासाठी आहे. कुणी तरी रडत येतं, आपल्याला दया येते, आपण चांगल्या मनाने कोठी उघडून देतो. पण भांडं सगळ्यांचं. म्हणून चांगल्या मनाने उघडायचं असलं तरी आणखी एकाला विचारावंच लागलं पाहिजे." मग त्या म्हणाल्या, "मी कोठी आणली. दुसरं कुलूप आणायचं राहिलं."

दुसऱ्याच दिवशी धावड्याहून येऊन त्यांनी ते आणलं. कोठीच्या फोल्डरला नवा पासवर्ड घातला. त्याचा अर्धा भाग त्यांना ठाऊक, अर्धा मला. कोठीत काहीही बदलायचं तर दोघांनी शेजारी बसायचं, आणि ते फंक्शन ज्या ज्या पानाला लागतं ते प्रत्येक पान आधी उघडून बघायचं. फंक्शनने गप्प राहायचं नाही, असाही नियम झाला. होय, नाही किंवा निकाल यायचा आहे, जे असेल ते स्पष्ट सांगायचं. आपल्या मालकीच्या कार्यालयात, आपणच उभ्या केलेल्या कामात, आपल्या हाताखालच्या माणसाच्या हाती आपलं कुलूप देणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. खरं सांगायचं तर दुसरं माणूस पाहिलेलंच नाही.

आणि हा देखावा नव्हता. पुढे एकदा ताईंना वजनाच्या फंक्शनात थोडा फेरफार करायचा होता. त्यांनी आपला अर्धा पासवर्ड टाइप केला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी पानं उघडून बघितली. एका पानाचा हिशेब त्यामुळे बिघडत होता. मी न्हाई म्हणालो. माझ्या मालकिणीला, माझ्या आईच्या वयाच्या बाईंना, मी न्हाई म्हणालो. ताईंनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बराबर." टाइप केलेलं खोडलं आणि डब्यातला खाकरा माझ्यापुढं केला. त्यानंतरही मी कैकदा नकार दिला. खाकरा दर वेळी मिळाला.

या वर्षी ताई साठ वर्षांच्या होत आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी आम्हा दोघांना, फिरोजभाईंना आणि मला, समोर बसवलं आणि आता किल्ली देऊन टाकायची आहे, असं सांगितलं. डोळे थकलेत, पडदा बघवत नाही. मी म्हणालो, दोन्ही अर्धे माझ्याकडे नकोत, दोन्ही किल्ल्या एका घरी नसतात. ताई म्हणाल्या, "मी शिकवलेलं मलाच सांगतोस? तुला कोण देतंय? फिरोजला देणार आहे." मग त्यांनी फिरोजभाईंना विचारलं, "कोठीत चूक झाली, तर पहिलं काम काय करशील?"

फिरोजभाई म्हणाले, "लगेच दुरुस्त करीन, ताई."

ताईंनी नकारार्थी मान हलवली.

मला तेव्हा ती जीप आठवली आणि मीही तेच म्हणालो होतो, तेही आठवलं. एका ओळीचं काम हाय, असं मी म्हणालो होतो. ती ओळ मी परतल्यावर दुरुस्त केली, आणि खरोखर त्याला काहीच वेळ लागला नाही. त्याआधी भरल्या माणसांत पायरीवर चढून चूक माझ्या हाताची आहे असं म्हणायला जे लागतं, ते मला त्या दिवशी जमलं नसतं. आज जमेल का, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"आधी जाऊन सांगायचं," ताई फिरोजभाईंना म्हणाल्या. "दुरुस्ती मंग." मग त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पासवर्डाचा विषय तिथंच ठेवला. किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे.

कंचनताई, या ग्रंथात तुमच्याविषयी पुष्कळ जण पुष्कळ चांगलं लिहितील आणि ते खरं असेल. तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, डोळ्यांना आराम पडो आणि खूप वर्षांचं आयुष्य मिळो, ही माझी मनापासूनची प्रार्थना आहे. तिच्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. तुमच्या अर्ध्या पासवर्डात किती अक्षरं आहेत, ती कुठली आहेत, मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. आम्ही अजून आधी दुरुस्तीकडेच धावतो. आधी धावड्याला निघायची सवय आमच्या पायांना लागेपर्यंत तुमची किल्ली तुमच्याजवळच राहू द्या. माझा अर्धा टाइप करून मी खुर्ची तुमच्याकडे सरकवून ठेवली आहे.

— अंकुश शेजूळ, बदनापूर